एकशे दहाचा डबा

"जगातला कुठलाबी शब्द आणा, हा आकाराम त्याचं वजन करून देतो. आणि माझ्या हातनं एक डबा चुकून दुसऱ्याच्या घरात गेल्याचं कुणी दावलं, तर ही गिरणी त्याच्या नावावर करतो."

शनिवारच्या दुपारी आकाराम एका नव्या गिऱ्हाइकाला हे सांगत होता, आणि बाकावर बसलेल्या बायकांपैकी एकीलाही ती फुशारकी वाटत नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटल्यावर हलवाव्यात तशा त्यांनी माना हलवल्या. हलवताना केसांतलं पीठ थोडं उडालं आणि परत तिथंच बसलं.

दोन हजार एक साल चालू होतं. पुण्यात लोक खिशात फोन घालून हिंडायला लागले होते. पण कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या त्या मागच्या गल्लीत, गिरणीच्या उंबऱ्याच्या आत, कुठलंच साल नसायचं. पट्टा फिरत असायचा, पीठ हवेत तरंगत असायचं, आणि आत बसलेल्या सगळ्यांच्या पापण्या, भुवया, मिशा पांढऱ्या होऊन तरण्या नि म्हाताऱ्या माणसांचं वय एकच व्हायचं. बोलणंसुद्धा पिठातून गाळून आल्यासारखं मऊ ऐकू यायचं. त्या घरघरीत बसल्याबसल्या डुलकी लागली नाही असं माणूस गल्लीत नव्हतं.

संघप्रिया पुण्याच्या बसमधून उतरून दारात येते तोच आकारामनं मान वर केली आणि पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून हाक मारली, "कोल्हापूर!"

बायका हसल्या. संघप्रियाचे कान तापले. पुण्यात ती कॉलेजात शिकवायची, पोरं तिच्याशी उभं राहून बोलायची, आणि इथं दर खेपेला वडील बसच्या कंडक्टरासारखे गावाचं नाव घेऊन ओरडायचे.

"दादा, हळू," ती म्हणाली.

"हळू बोललं तर दगड ऐकंल, माणूस ऐकत न्हाय," म्हणत त्यानं पुन्हा पिठाकडं तोंड वळवलं.

गिरणीतले सगळे डबे एकसारखे, गोडेतेलाचे, पत्र्याचे. आकारामनंच ते एका हलवायाकडून आणून गिऱ्हाइकांना दिले होते. कुणाचा पितळी, कुणाचा फुटका, असा भेद त्याला दारात नको होता. प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला त्यानं तेलरंगात एक आकडा काढलेला. पण तो आकडा फक्त त्याच्यासाठी. गिऱ्हाइकाला त्या आकड्यानं कधीच हाक मारायचा नाही. "माणसाला आकड्यानं हाक मारत्यात ती जेलात," असं त्याचं मत होतं. म्हणून प्रत्येक आकड्याचा त्यानं शब्द केला होता. अक्षरांना आकडे असतात, ते जोडले की शब्दाचं वजन निघतं, आणि एका वजनाचे चार शब्द सापडतात. त्यातला आवडेल तो गिऱ्हाइकानं घ्यायचा.

"बावन्नात भाकरी हाय, मोर हाय, सोनं हाय," त्यानं एकदा धोंडुबाईला विचारलं होतं. "कुठलं देऊ?"

"सोनं बावन्न व्हय?"

"तर! बावन्नकशी सोनं उगंच म्हणत्यात?"

धोंडुबाईनं विचार केला. भाकरी घरात होतीच. सोनं आपला कृष्णात या जन्मात घेणार नाही. तिनं मोर घेतला, आणि आकडा तिथंच विसरली.

झुंबरबाईचं माहेर कबनूरला. तिनं माहेरच घेतलं. बायडाबाईचा नवरा सांगलीला दुसरं घर करून राहिला होता. तिला चार शब्द सांगितल्यावर ती म्हणाली, "मला नवरा द्या. घरात न्हाय तर न्हाय, गिरणीत तरी असू दे." तेव्हापासून महिन्यातून तीनदा आकाराम गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "नवरा तयार हाय!" आणि बायडाबाई ऐटीत उठून उत्तर द्यायची, "आले की."

ही गिरणीची रीत होती. ज्याचा शब्द पुकारला, त्यानं "आले की" म्हणायचं. म्हटल्याशिवाय डबा हलत नसे.

कुणी विचारलं की हे शुभ आहे का, तर आकाराम हात झटकायचा. "शुभ-अशुभ पलीकडच्या दुकानात. आमी बुद्धाची माणसं. इथं नुसतं वजन."

त्या शनिवारी गर्दी ओसरल्यावर संघप्रिया बाकावर बसली आणि म्हणाली, "दादा, हे तुमचं नवीन नाही बरं का. ज्यू लोकांत फार जुनं आहे. ग्रीकांत होतं. मुसलमान सातशे शहाऐंशी लिहितात, तेही अक्षरांच्या बेरजेतूनच आलेलं. ज्यू लोक त्याला गेमात्रिया म्हणतात."

आपला शोध जुना निघाला म्हणून ते हिरमुसतील असं तिला वाटलं होतं. आकाराम बोटांवर मोजत राहिला. मग म्हणाला, "सत्त्याण्णव. बरं वजनदार हाय की नाव." आणि विचारलं, "त्यांच्यात आईचं वजन किती येतं?"

"मला नाही माहीत."

"मग काय वाचलंस?"

ती हसली. लहानपणी तो तिला ही रीत शिकवायला बसायचा, तेव्हा ती गोष्टीचं पुस्तक तोंडासमोर धरायची. त्यालाही राग यायचा नाही. पुस्तक किती पानांचं आहे एवढं विचारून तो उठायचा.

"पीठ दळून ठेवलंय," तो आता म्हणाला. "उद्या जाताना ने."

"दादा, पुण्यात पीठ मिळतं. बसमध्ये एवढा डबा ठेवू कुठं?"

"मांडीवर."

"नको."

"बरं," तो म्हणाला, आणि पट्ट्याची कळ दाबली. हे बोलणंही दर खेपेचंच होतं. नाटकातल्या पाठ संवादासारखं दोघं ते म्हणून टाकत.

रविवारी सकाळी गिरणी उघडली नाही. आकाराम झोपेतच गेला होता.

त्यानंतरचे दिवस संघप्रियाला नीट आठवत नाहीत. पांढरी चादर, पांढऱ्या साड्या, मेणबत्त्यांचा मंद उजेड, पुढच्या आठवड्यातल्या जलदान विधीची कुजबुज. माणसं यायची, तोंडं हलायची, आवाज लांबून यायचा. तिला वाटायचं, गिरणी चालूच आहे आणि आपण बाकावर डुलकी घेतोय. आई, पारूबाई, भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती आणि बोलतही नव्हती. कुणी चहा पुढं केला तर घ्यायची, नाही केला तर मागायची नाही.

या धुक्यातून पहिली माणसासारखी बोलली ती धोंडुबाई. तिनं पदर डोळ्याला लावला, लावलेलाच ठेवला, आणि पदराआडून म्हणाली, "लई देवमाणूस. कधी वजनात मारलं न्हाय... पोरी, माझा मोर आत हाय."

"काय?"

"मोर. शनवारी टाकलेला. नाचणी हाय. ह्यांना साखरंचा त्रास, आंबिलीबिगर जमत न्हाय त्यांना. घाई न्हाय. पण आजच मिळाला तर बरं."

धोंडुबाईच्या मागं झुंबरबाई. तिनंही आधी हुंदका दिला. "माझं माहेर तुमच्याकडं अडकलंय बाळ. उद्या कबनूरला भाचीची सुपारी हाय. त्या पिठाच्या चपात्या करायच्या हाईत."

संघप्रियानं गिरणीचं कुलूप काढलं. आत डबे भिंतीला लागून ओळीनं उभे होते. दादांनी शनिवारीच दळून, झाकणं लावून ठेवलेले. कुणाचा कुठला ते सांगणारा माणूस तेवढा नव्हता. दादांच्या माघारी एक जरी डबा चुकला, तर त्या माणसाची एकुलती एक फुशारकी त्याच्यामागं खोटी पडणार होती. ते ती होऊ देणार नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिला त्यात अवघड काही वाटलंही नाही. एम.ए.ला पहिली आलेली बाई होती. दोन-तीन भाषांतल्या असल्या पद्धती तिनं वाचल्या होत्या.

टेबलावर पिठाचा थर होता. त्यात तिनं बोटानं अक्षरं मांडली. मुळाक्षरं म्हणजे अ पासून. अ एक, आ दोन, करत करत अः बारा. मग क तेरा. काना-मात्रा धरायच्या नाहीत हे तिला ऐकून माहीत होतं. त्या भाजीवरच्या कोथिंबिरीसारख्या, फुकट, असं दादा म्हणायचे. म सदतीस, र एकोणचाळीस. मोर, शहात्तर.

तिनं झाकणं उघडून पाहिली. शहात्तरचा डबा होता.

तिचे डोळे भरून आले. जग जागेवर आहे असं तिला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं. आत तपकिरी पीठ, नाचणीसारखंच. तिनं ते झाकलं आणि धोंडुबाईच्या हवाली केलं.

माहेर एकशे एकवीस निघालं. तो आकडा कुठंच नव्हता. सगळ्यात मोठा होता एकशे दहा. हल्ली दादांचा हात थरथरायचा, दोनाचं एक नि एकाचं शून्य झालं असेल, असं तिनं ठरवलं. आत गहू, मैद्यासारखा बारीक दळलेला. सुपारीला साजेसा. तो झुंबरबाईला दिला.

मग सुरसुरी आल्यासारखी ती वाटतच सुटली. जुळलं तर जुळलं, न जुळलं तर जवळचा आकडा. बायकांनीही दारातून बाहेर पडेपर्यंत एकाही डब्याचं झाकण उघडलं नाही. मयताच्या घरात पिठाला हात लावून खातरजमा करणं बरं दिसत नाही. एरवी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवल्याशिवाय न हलणाऱ्या त्या बायका, खाली मान घालून, दुसऱ्यांचं दळण कडेवर मारून घरोघर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कृष्णात उभा राहिला. धोंडुबाईचा नवरा. आवाज असा की हळू बोलला तरी बावड्याच्या कारखान्याचा भोंगा वाटावा. पण आज तो भेटीला आलेल्या माणसांत बसला आणि खरोखर हळू बोलायचा प्रयत्न करत होता.

"पोरी, तुझ्या बापाबद्दल मला एक अक्षर वावगं बोलायचं न्हाय."

"बोला ना काका."

"आंबील फेसाळली."

"म्हणजे?"

"म्हणजे उतू गेली. चुलीवरनं खाली आली, खालनं मोरीत गेली, आणि तिथं अजून चाललीय. मी दोन घोट घेतले व्हते. आता बोललो की बुडबुडं येत्यात."

त्यानं ते बोलून दाखवलं आणि खरंच आला एक, लहानसा. कोपऱ्यात बसलेल्या कुणीतरी खोकल्याचा आव आणून हसू गिळलं.

"तो डबा शिकेकाईचा हाय," कृष्णात म्हणाला. "बायकू म्हणती, केस लई मऊ झाले असते."

तेवढ्यात बायडाबाई आली. तिनं आकारामच्या फोटोला हात जोडले, पारूबाईच्या पायाला हात लावला, आणि भरल्या घरात सरळ विचारलं, "माझा नवरा कुणाकडं गेला?"

भेटीला आलेले लांबचे पाहुणे होते. त्यांच्यातली एक म्हातारी कळवळून म्हणाली, "अगं बाई, हिचाबी गेला व्हय?"

"गेला न्हाय, दळायला टाकलेला. आकारामदादा दगड धुवायच्या आदी शेवटाला दळून द्यायचे. त्यात शिकेकाई हाय."

"धोंडुबाईंनी नेला," संघप्रियाच्या तोंडून निघून गेलं.

"धोंडीनं?" बायडाबाई कृष्णातकडं वळली. "घरात एक असताना?"

"मी पिलोय त्याला," कृष्णात म्हणाला, आणि दुसरा बुडबुडा आला.

लांबच्या पाहुण्यांनी आपली पिशवी जवळ ओढली.

बाहेर आणखी बायका जमल्या होत्या. हरभऱ्याची डाळ दिलेलीला ज्वारी आली होती, ज्वारीवालीला भाजणी. कुणी भांडत नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. "असू दे बाळ, दुःखात हाईस," म्हणत प्रत्येक बाई डबा उंबऱ्यावर ठेवत होती. संघप्रियानं ती ओळ मोजली. दादांनी इतक्या वर्षांत जे होऊ दिलं नाही, ते तिनं एका दुपारीत करून ठेवलं होतं. ती गिरणीत गेली आणि पिठातली बेरीज पुन्हा मांडायला लागली.

मागून आवाज आला. "आणि माझं किती येतं?"

पारूबाई दारात उभी होती. रविवारपासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"काय, आई?"

"आई. दोनच अक्षरं हाईत. जोड."

"आ दोन, ई चार. सहा."

पारूबाई आत आली. मशीनच्या पाठीमागून तिनं घरातला डबा ओढला, झाकण उलटं करून लेकीसमोर धरलं. त्यावर एक मोठं, गोल, व्यवस्थित शून्य होतं.

"हे रंगवलं त्या दिवशी चार दिवस बोलले न्हवते मी त्यांच्याशी," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीला वजन, आणि मी शून्य? मग म्हणाले, अगं, अ आ इ ई म्हंजे नुसता वारा. वाऱ्याला कोण तोलतंय? मोजायचं ते क पासून. आणि म्हणाले, एकाच्या शेजारी शून्य बसल्याबिगर त्याचे दहा होत न्हाईत." तिनं झाकण परत लावलं. "पाचव्या दिवशी बोलले मग."

संघप्रियानं आईकडं पाहिलं. मग टेबलावरचं पीठ तळहातानं सारखं केलं आणि क ला एक दिला.

मोर बावन्न. डबा होता, आणि आत नाचणी. नवरा शहात्तर. माहेर पंच्याऐंशी. एकेक झाकण उघडत गेलं आणि एकेक बाई आपलं पीठ ओळखत गेली. सोनं बावन्न येतं हेही तिनं जोडून पाहिलं, आणि बावन्नकशी सोनं म्हणतात ते आठवून रडता रडता हसली. कृष्णातनं नाचणीचा वास घेऊन खात्री केली, मगच डबा उचलला. बायडाबाई अर्ध्यावर आलेला नवरा घेऊन घरी गेली. "हाय तेवढा पुरे," म्हणाली.

संध्याकाळी कबनूरहून झुंबरबाई परतली. सुपारी फुटली होती, तारीख निघाली होती, आणि पावण्यांनी असल्या मऊ चपात्या आयुष्यात खाल्ल्या नव्हत्या. मग तिनं पंच्याऐंशीचा डबा पाहिला आणि मटकन बाकावर बसली.

"म्हंजे ती सोयरीक मी कुणाच्या पिठावर जमवली?"

"एकशे दहाच्या," संघप्रिया म्हणाली. "मालक कोण ते कळलं नाही अजून."

एकशे दहाचा डबा निम्मा रिकामा झाला होता. झुंबरबाईनं आपल्या डब्याचं झाकण काढलं. चपात्यांसाठी टाकलेल्या गव्हात घरातली उरलेली ज्वारीही आपण मिसळली होती, हे तिला तेव्हा आठवलं. पण खाल्लेलं भरून द्यायचं ठरलं ते ठरलं. "ज्याचं असंल त्याला सांग, कबनूरची पोरगी तुझ्या पिठावर उजवली," म्हणत तिनं एकशे दहाचा डबा काठोकाठ भरला.

सगळे डबे गेले. तो एकटाच राहिला. येणाऱ्या प्रत्येकीला संघप्रिया विचारायची, हा तुमचा का? कुणाचाच नव्हता. जलदान विधी झाला, माणसं पांगली, तरी तो बाकावर तसाच.

"आई, याला कोण येणार?"

"येती. दर महिन्याला येती," पारूबाई म्हणाली. "हाका मारून मारून माणूस दमला. मालकीण ओ देत न्हवती."

संघप्रियानं तिच्याकडं पाहिलं, मग बोटानं पिठात लिहिलं. क एक. ल अठ्ठावीस. ह तेहतीस. प एकवीस. र सत्तावीस. कोल्हापूर, एकशे दहा.

"आता तुझं नाव घाल," आई म्हणाली.

स बत्तीस. घ चार. प एकवीस. र सत्तावीस. य सव्वीस. तिनं बेरीज दोनदा केली. मग बोट तिथंच ठेवून ती उभी राहिली.

"नाव ठेवताना ठाऊक न्हवतं आमाला," पारूबाई म्हणाली. "तू दहावीला असताना सापडलं त्यांना. गिरणी बंद ठेवून सायकल घेऊन हिंडले. पार कसबा बावड्यापर्यंत सांगून आले, माझी लेक भरली अख्ख्या कोल्हापुराएवढी. तुला सांगायला लाजले. म्हणाले, ती शिकलेली हाय, हसंल. ती स्वतः जोडंल कधीतरी."

"आणि हे पीठ?"

"दर खेपेला चाळून, दोनदा दळून ठेवायचे. तू न्यायची न्हाईस. मग आठवडाभर आमीच खायाचो." पारूबाईनं नाक पुसलं. "त्यांना भाकरीच लागायची, आणि बारीक पिठाची भाकरी काय धड थापता येत न्हाय. मी कधी बोलले न्हाय."

संघप्रियाच्या जायच्या दिवशी पारूबाईनं गिरणी उघडली. कुणाला सांगितलं नव्हतं, तरी बायका डबे घेऊन आल्या. पट्टा फिरायला लागला, हवेत पीठ चढलं, आणि हळूहळू सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. पारूबाई मशीनशी उभी राहिली. तिला कधी मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "मोर," ती म्हणाली. धोंडुबाई उठली, "आले की." "माहेर." "आले की."

संघप्रिया खांद्याला पिशवी लावून दारात उभी होती. बसची वेळ होत आली होती. पिठाच्या त्या धुरकट उजेडात मशीनशी कोण उभं आहे ते क्षणभर कळत नव्हतं. पांढऱ्या भुवया, पांढरे हात.

पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढला. "कोल्हापूर!"

सगळ्या बायका वळून दाराकडं बघायला लागल्या. तिचे कान सवयीनं तापले. 'हळू' हा शब्द सवयीनं जिभेवर आला. तिनं तो गिळला, पुढं झाली, गहू आणि ज्वारीचा तो डबा दोन्ही हातांनी कवळला. चांगलाच जड होता. तो मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत बसायचं होतं, आणि त्याची ना धड चपाती होणार होती, ना धड भाकरी.

"आले की," ती म्हणाली, सगळ्या गिरणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आले की, दादा."